आधी पाणी, मग कात्री

सांगलीच्या कापड पेठेतून किंवा साताऱ्याच्या खणआळीतून कापड घेऊन थेट शिंप्याच्या दुकानात गेलं, की जुना कारागीर टेपला हात लावायच्या आधी विचारतो, "पाण्यातनं काढलंय का?" सुती कापड असेल तर या प्रश्नाकडे कानाडोळा केला तरी एखाद वेळी निभावून जातं. पहिल्या धुण्यात बाही अर्धा इंच आखूड होते आणि माणूस विसरतो. लिनन कोरंच बेतलं तर मात्र निभावत नाही. चाळीस इंची सदरा अडीच-तीन इंच वर चढतो, मुंढा काखेत रुततो, गळपट्टीचं बटण लागत नाही. उसवून दुरुस्त करावं म्हटलं तर आत तेवढं कापडच नसतं.

म्हणून घरी लिनन शिवायला घेणाऱ्याने एक गोष्ट आधीच मनात पक्की करावी. या कापडाचं निम्मं शिवणकाम बादलीत आणि इस्त्रीखाली होतं. मशीनवरचं काम त्यामानाने सोपं, सरळ टीप मारता येणाऱ्या कुणालाही जमेल असं. पाणी आणि इस्त्री या दोन गोष्टींना पुरेसा वेळ दिला, तर लिननसारखं आज्ञाधारक कापड दुसरं नाही. घडी घातली तिथे घडी राहते, रेष ओढली तिथे कात्री चालते, मशीनच्या दातांखाली ते रेशमासारखं निसटत नाही.

हे कापड असं का वागतं, ते कळायला झाडाकडे जावं लागतं. लिनन म्हणजे जवसाच्या काडीचं कापड. ज्या जवसाची चटणी आपण ज्वारीच्या भाकरीबरोबर तेल घालून खातो, तेच हे झाड. जवसालाच अळशी म्हणतात, आणि हा शब्द संस्कृत अतसीवरून आला. क्षुमा हे तिचंच दुसरं नाव, आणि क्षुमेचं वस्त्र ते क्षौम. फरक आहे तो जातीचा आणि पेरणीचा. आपल्याकडे रब्बीत पेरतात ते दाण्यासाठी. झाड बुटकं राहतं, फांद्या भरपूर फुटतात, आणि जितक्या फांद्या जास्त तितकी बोंडं जास्त. धाग्यासाठीची जात दाट पेरतात, म्हणजे ती उजेडासाठी सरळ वर जाते, कमरेएवढी होते आणि फक्त शेंड्याला फुटते. जिथे फांदी फुटली तिथे धाग्याची लांबी मोडली, असा तिथला हिशेब. काढणीलासुद्धा विळा लावत नाहीत, झाड मुळासकट उपटतात, कारण बुंध्याजवळची बोटभर लांबीही वाया घालवायची नसते. मग काड्या शेतातच पसरून काही आठवडे दवात भिजू देतात. बुरशी आणि जिवाणू काडीतलं डिंकासारखं पेक्टिन खातात आणि सालीतला तंतू सुटा होतो. असं थंड, दमट हवामान उत्तर फ्रान्स, बेल्जियम आणि हॉलंडच्या किनारपट्टीला आहे. आपल्याकडे तो तंतू बाहेरून येतो आणि सूत इथे कातलं जातं. पश्चिम बंगालमधल्या रिश्रा इथे त्याची मोठी गिरणी आहे.

काडीला वाऱ्यात उभं धरणं हेच या तंतूचं मूळ काम. त्यामुळे तो लांब, ताठ आणि गुळगुळीत असतो. तोडायला गेलं तर सुतापेक्षा बळकट, पण तुटायच्या आधी ताणला जातो जेमतेम दोन-तीन टक्के. सुती धागा त्याच्या दुप्पट-तिप्पट तरी ताणतो. पुढे जे जे घडतं त्यातलं बहुतेक सगळं या एका गुणातून निघतं. ताण नाही, म्हणून चुरगळलं की आपोआप सरळ होत नाही. गुळगुळीत आहे, म्हणून कापलेल्या कडेचे धागे भराभर सुटतात. अंगाबरोबर ताणत नाही, म्हणून तंग बेतलेला कपडा शिवणीवर उसवतो.

आता खरेदी. लिननच्या सुताचा नंबर 'ली'मध्ये सांगतात. एका पौंडात ३०० वारांच्या जितक्या लडी बसतील, तितका तो ली नंबर. ६० ली म्हणजे पौंडाला १८,००० वार सूत. सुती धाग्याच्या नंबरात हीच लडी ८४० वारांची असते. विटा, माधवनगर, इचलकरंजी या यंत्रमागांच्या पट्ट्यात सुताचा नंबर माहीत असलेली माणसं बरीच, आणि नेमकी तीच इथे फसतात. ६० ली ऐकून त्यांच्या डोळ्यांपुढे ६० नंबरचं तलम सुती कापड येतं. प्रत्यक्षात ६० ली लिनन जाडीला सुताच्या २१ नंबरच्या आसपास बसतं. पहिल्या सदऱ्यासाठी हेच ६० ली घ्यावं. ४० ली थोडं भरीव, हिवाळ्यात बरं वाटणारं. २५ ली पँटला आणि पिशव्यांना. १०० लीच्या वरचं कापड साड्या-ओढण्यांना सुंदर दिसतं, पण ते कात्रीखाली सरकतं, म्हणून सुरुवात त्याने करू नये.

'लिनन फील', 'लिनन लूक' अशा नावाने विकलं जातं ते बहुतेकदा पॉलिस्टर किंवा व्हिस्कोस असतं. 'कॉटन लिनन' म्हणजे भेसळ नाही, तो सरळ मिश्र धागा असतो. सराव करायला तो चांगलाही आहे, फक्त त्याला शुद्ध लिननची किंमत देऊ नये. ओळखायचं कसं? कापडाच्या टोकाचा एक धागा काढा, त्याचा पीळ सोडवा आणि तोडा. सुताचं टोक कुंच्यासारखं फिसकारतं, लिननचं टोक अणकुचीदार राहतं आणि सुटे तंतू बोटभर किंवा त्याहून लांब निघतात. जाळून बघायची पद्धत पॉलिस्टर पकडायला ठीक, कारण ते वितळून कडक मणी होतो. सूत आणि लिनन मात्र दोन्ही कागदासारखी जळतात आणि मऊ करडी राख होते, तेव्हा त्यांच्यात फरक करायला काडेपेटी उपयोगाची नाही. कापडात अधूनमधून जाडसर धागा दिसतो तो दोष समजू नका. तो अगदी सारखा, ठरावीक अंतराने आलेला असेल तरच शंका घ्या.

घरी आणलेलं कापड कात्रीने न कापता आधी पाण्यात घालायचं. तंतू स्वतः आटत नाही. मागावर ताणा ओढून धरलेला असतो, विणल्यानंतर गिरणीतही कापड ताणून, दाबून सपाट केलेलं असतं. पाणी मिळालं की धागा फुगतो, अडकवून ठेवलेला ताण सुटतो आणि उभे-आडवे धागे एकमेकांवरून पुन्हा लाटेसारखे वळतात. लांबी कमी होते ती या वळणात. पाच ते आठ टक्के धरून चालावं, आणि ती बहुतेक उभ्या बाजूला जाते. एका पाण्यात सगळी जात नाही, म्हणून दोनदा, रंग गडद असेल तर तीनदा काढावं.

दोन्ही कापलेल्या कडांना आधी मशीनवर झिगझॅग किंवा हाताने लांब टाके घाला, नाहीतर धुण्यातच धाग्यांच्या दशा सुटून त्यांचा गुंता होतो आणि दोन-तीन इंच कापड जातं. मोठा टब घ्या. कापड सैलसर पडलं पाहिजे. बादलीत कोंबलं तर ज्या घड्या पडतात त्यांच्या पांढरट रेघा रंगीत लिननवर कायमच्या राहतात. पुढे आयुष्यभर ज्या पाण्याने धुणार त्याहून जरा जास्त कढत पाणी, हाताला सोसेल इतकं, आणि थोडी साबण पावडर. अर्धा तास पुरे. मग भरपूर पाण्यातून खळबळून काढायचं. बोअरच्या जड पाण्यात साबण नीट निघत नाही. तो धाग्यांत बसतो आणि लिनन पापडासारखं कडक होतं. अशा ठिकाणी एक पाणी जास्त घालणं हाच उपाय. पिळू नका. पाणी निथळू द्या आणि सावलीत, दोरीवर कडा सरळ धरून वाळत घाला.

पूर्ण वाळू देऊ नका हे सगळ्यात महत्त्वाचं. हाताला गार लागेल इतपत ओलं असतानाच उतरवायचं आणि इस्त्रीखाली घ्यायचं. एप्रिल-मेमध्ये सांगलीच्या उन्हात हा क्षण अर्ध्या तासात निघून जातो. जुलैत साताऱ्याला दुसरा दिवस उजाडतो. कोरडं ठणठणीत वाळलेलं लिनन कितीही इस्त्री फिरवली तरी दाद देत नाही. तसं झालंच तर पाणी शिंपडून, गुंडाळी करून तासभर ठेवा, म्हणजे ओल सगळीकडे सारखी पोचते. इस्त्री सगळ्यात जास्त आचेवर, आणि फिरवायची ती फक्त उभ्या किंवा आडव्या धाग्याच्या दिशेने. तिरकी फिरवली तर ओलं कापड तिरकं ताणलं जातं आणि चौकोनाचा पतंग होतो. कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला कोळशाची इस्त्री वापरतो. ती जड असते, तापते कडक, आणि पाणी शिंपडायची त्याला सवयच असते, त्यामुळे लिननला तिच्यासारखी इस्त्री नाही. गडद रंग असेल तर उलट्या बाजूने, नाहीतर शिवणींवर चमक येते.

आता कापड मऊ, शांत आणि खऱ्या मापाचं झालेलं असतं. पण त्याची कापलेली कड अजून सरळ नसते, कारण दुकानात कात्री जाते ती अंदाजाने. इथे लिनन एक अशी सोय देतं जी दुसरं क्वचितच कुठलं कापड इतक्या सहज देईल. काठाला कात्रीने अर्ध्या इंचाची चीर द्या. चिरेतून एक आडवा धागा सुईच्या टोकाने उचला, दोन बोटांत धरा आणि हळूहळू ओढा. कापड त्या धाग्यावर चुण्या घेत गोळा होतं. दुसऱ्या हाताने चुण्या पुढे सारत जा. धागा निघत जातो आणि त्याच्या जागी एक बारीक उजेडाची रेष उरते, तेल लावलेल्या केसांत भांग पाडावा तशी. मध्येच धागा तुटला तर घाबरायचं नाही. तुटलेल्या जागेपर्यंत कापायचं, तिथे टोक पुन्हा शोधायचं आणि पुढे जायचं. काठापासून काठापर्यंत रेष गेली की कात्री त्या रेषेतूनच चालवायची. खडू-पट्टीने आखलेली सरळ रेघ आणि धाग्याची सरळ रेघ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. कपडा अंगावर कसा पडणार ते धाग्याच्या रेघेवर ठरतं. पँटचा एक पाय फिरून नडगीवर शिवण येते, ती या रेघेकडे दुर्लक्ष केल्यामुळेच.

काय शिवावं? माझं मत ठाम आहे की पहिला कपडा कॉलर-कफांचा शर्ट असू नये. आपल्या भागातली जुनी पैरण डोळ्यांपुढे आणा. अंगाला चौकोन, बाहीला चौकोन, काखेत लहानसा चौकोन. हातमागाचं अरुंद पन्ह्याचं कापड वाया जाऊ नये म्हणून ती तशी बेतायचे, आणि लिननला ती बेतणी अशी मानवते की जणू त्याच्यासाठीच काढली. सगळे तुकडे सरळ, सगळे धागा ओढून कापता येणारे. गोल फक्त गळा.

छाती ४० इंच, सदऱ्याची उंची ३८, आणि मानेपाशी खांद्यावरून नाही तर खांद्याच्या हाडापासून मनगटापर्यंत २४ इंच, असं माप धरू. लिनन ताणत नाही, म्हणून छातीला आठ इंच सैल ठेवायचं, म्हणजे घेर ४८. पुढचा आणि मागचा भाग तयार २४ इंच रुंद. शिलाईला दोन्हीकडे पाच-पाच सूत (आठ सूत म्हणजे एक इंच), म्हणजे कापायचा सव्वापंचवीस. लांबी ३८, वर खांद्याची शिलाई आणि खाली दीड इंच दुमड मिळून साधारण सव्वाचाळीस. खांदा १८ इंचांचा असेल तर २४ इंचांचा भाग दोन्हीकडे तीन-तीन इंच खाली उतरतो, म्हणून बाही २१ इंचच लागते. शिलाई आणि दुमडीसह साधारण सव्वातेवीस. बाहीची रुंदी १८, कापायची सव्वाएकोणीस. काखेचा चौकोन तयार चार इंचांचा, कापायचा सव्वापाच.

लिननचा पन्हा बहुधा ५८ इंच येतो. पाण्यातून काढल्यावर ५४-५५ उरला तरी पुढचा-मागचा भाग शेजारी शेजारी मिळून साडेपन्नास इंचांत बसतात. त्यांच्या खाली दोन बाह्या साडेअडतीस इंचांत, आणि बाह्यांशेजारी राहिलेल्या तुकड्यात काखेचे चौकोन आणि गळपट्ट्या. अंगाच्या भागांशेजारी जी चार इंचांची लांब पट्टी उरते ती पुढच्या बटणपट्टीला. एकूण लांबी साडेत्रेसष्ट इंच होते. आटण्याचे आठ टक्के आणि कडा सरळ करण्याचे तीन इंच मिळवले तर एक मीटर ८३ सेंटिमीटर. दोन मीटर घ्या. खिशाला आणि पुढे ठिगळाला कापड उरतं.

खुणा करायला मातीचा खडू. मेणाचा खडू गरम इस्त्रीखाली वितळून कापडात मुरतो आणि तेलकट डाग राहतो. गळा कापताना अंदाजापेक्षा अर्धा इंच लहानच कापा, कारण गोल कापलेली कड तिरप्या धाग्यावर येते आणि नुसत्या हाताळणीने पसरते. कापल्या कापल्या, तुकडा टेबलावरून उचलायच्या आधी, कडेपासून तीन सुतांवर एकेरी टीप मारून घ्या. गळा मोठा झाला, गळपट्टी पुरेना, अशी तक्रार असते तेव्हा बहुतेक वेळा हीच टीप राहिलेली असते.

मशीनला लिनन अवघड नाही. घरातली काळी, पायाची मशीन या कामाला उत्तम, सरळ टाका तिच्याइतका नीट कुणी घालत नाही. सुई मात्र नवी हवी. ६० लीला १४ नंबर, २५ लीला १६. जाडसर धाग्यावर बोथट सुई आपटली की टाका सुटतो, आणि मग माणूस टेन्शनचा स्क्रू फिरवत बसतो. टाका इंचात दहा-अकरा. त्याहून बारीक टाका शिवणीत धागे कापतो आणि कड छिद्रांच्या ओळीवर फाटते. दोरा चांगला स्पन पॉलिस्टर चालतो, फक्त कडक इस्त्री त्यावर रेंगाळू देऊ नये. सुती दोऱ्याचा आग्रह असेल तर मर्सराइज्ड घ्यावा.

कडेचे धागे सुटतात म्हणून बरेच जण सरसकट ओव्हरलॉक करून आणतात. लिननच्या सैलसर विणीतून ते पुढे निसटतं आणि अंगाला टोचतंही. त्यापेक्षा कड आत कोंडणारी फ्रेंच शिलाई खांद्याला आणि बाहीला घालावी. तिचा हिशेब सुतांत सोपा आहे. दोन्ही तुकड्यांच्या उलट्या बाजू एकमेकांवर ठेवून कडेपासून दोन सुतांवर पहिली टीप. कड एका सुतापर्यंत छाटायची आणि निघालेले सगळे धागे वेचून काढायचे. इस्त्री करून उलटायचं, म्हणजे आता सुलट्या बाजू समोरासमोर येतात, आणि घडीपासून तीन सुतांवर दुसरी टीप. दोन आणि तीन, पाच सूत पूर्ण. छाटताना आळस केला तर सुलट्या बाजूला शिवणीतून दाढीसारखे धागे डोकावतात, आणि मग ते काढता येत नाहीत.

क्रम असा. आधी खांदे. मग बाही सपाटच, तिचा मध्य खांद्याच्या शिवणीला धरून. मग काखेचा चौकोन. त्याच्या चारही कोपऱ्यांवर पाच-पाच सूत आत ठिपके द्या. कुठली बाजू कुठे जाते ते नीट बघा: एक बाजू बाहीच्या पुढच्या कडेला, तिच्या शेजारची अंगाच्या पुढच्या भागाला, तिसरी अंगाच्या मागच्या भागाला आणि चौथी बाहीच्या मागच्या कडेला. म्हणजे समोरासमोरचे दोन कोपरे मुंढ्याच्या शिवणीवर येतात, उरलेल्या दोनपैकी एकापासून बाहीखालची शिवण निघते आणि दुसऱ्यापासून बगलेची. प्रत्येक टीप ठिपक्यापासून ठिपक्यापर्यंत, एक टाकाही पुढे नाही. टाका पुढे गेला की कोपऱ्यात चुणी बसते आणि ती इस्त्रीने जात नाही. पहिल्या वेळी ही बाजू मशीनवर घेण्याआधी हाताने धावदोरा घालून बघावी. चौकोन बसला की हात वर केल्यावर सदरा कमरेतून वर ओढला जात नाही. मोटरसायकलचं हँडल धरणाऱ्याला याचा अर्थ लगेच कळेल.

काखेला, बाहीखाली आणि बगलेला फ्रेंच शिलाई घालू नये, कोपऱ्यात ती जाड होते. तिथे पाच सुतांवर साधी टीप, एक कड दोन सुतांपर्यंत छाटून दुसरी तिच्यावर दुमडायची आणि वरून टीप मारायची. बगल खालून नऊ इंच उघडी ठेवली की चीर तयार.

या सगळ्यात एक नियम मोडायचा नाही: एका शिवणीवर इस्त्री फिरल्याशिवाय तिला आडवी दुसरी शिवण घ्यायची नाही. शेजारी पाण्यात भिजवून घट्ट पिळलेला पंचा आणि तापलेली इस्त्री तयारच ठेवा. टाचण्यांची गरज निम्मी होते, कारण लिनन दाबलेली घडी धरून ठेवतं. दुमडीसाठी जुन्या लग्नपत्रिकेचा पुठ्ठा दीड इंचावर रेघ मारून कापडाखाली घाला आणि कड रेघेपर्यंत आणून इस्त्री दाबा. सगळी दुमड एकसारखी येते.

गळपट्टीचं माप कागदावरून घेऊ नये. गळ्यावर मारलेल्या त्या एकेरी टिपेवरून, टेप कडेवर उभा धरून मोजावं. आत बकरम, म्हणजे ताठपणासाठीचं अस्तर, घालायचं तर तेसुद्धा पाण्यातून काढलेलं. कोरं चिकटवायचं बकरम धुतल्यावर लिननपेक्षा वेगळ्या मापाने आटतं आणि गळपट्टीवर फोड आल्यासारखे फुगे येतात. मी तर म्हणेन, त्याच लिननचा तिसरा पदर घालावा, पुरेसा ताठ राहतो. काज करताना खालीही कापडाचा दुहेरी पदर हवा. काज शिवून झाल्यावर, दोन्ही टोकांना टाचणी आडवी खोचून मगच चिरावं. खालची दुमड सगळ्यात शेवटी, आणि तीही सदरा एक रात्र हँगरला लटकवून ठेवल्यावर.

तयार सदरा तासाभरात चुरगळणार. त्याचं काहींना फार वाईट वाटतं. इजिप्तमध्ये तारखान इथे १९१३ मध्ये उत्खननात निघालेला एक लिननचा पोशाख लंडनच्या पेट्री संग्रहालयात आहे. २०१५ मध्ये झालेल्या कार्बन चाचणीने तो पाच हजार वर्षांहून जुना ठरला. विणलेल्या कपड्यांत त्याहून जुना माहीत नाही. त्याच्या बाह्यांवर आणि छातीवर बारीक चुण्यांची घडी आहे आणि काखेत, कोपरांत कुणीतरी तो घातल्याच्या सुरकुत्या आहेत. शिंप्याने मुद्दाम घातलेल्या घड्या आणि अंगाने पाडलेल्या सुरकुत्या, दोन्ही त्या कापडाने सारख्याच जपल्या. आपल्या सदऱ्याच्या कोपरातली सुरकुती बघताना मला ते आठवतं आणि ती इस्त्रीने पुसून टाकावीशी वाटत नाही.

इस्त्री करायची तर बाहीवर, गळपट्टीवर रोज त्याच जागी धारदार घडी मात्र टाळा. ताठ तंतू एकाच रेषेवर पुन्हा पुन्हा मोडला की तिथेच तुटतो. जुनं लिनन विरतं ते घडीवर. म्हणून कपाटातही हँगरला लावा किंवा सैल गुंडाळी करा. खळ देऊ नका. साताऱ्याच्या पावसाळ्यात, महाबळेश्वरकडच्या गावांत तर जास्तच, खळ दिलेल्या कापडाला बुरशी आणि कसर आधी धरते.

ओलं लिनन कोरड्यापेक्षा जास्त बळकट असतं, त्यामुळे धुण्याची भीती बाळगायचं कारण नाही. राहता राहिली हळद. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आणि तिचा रंग पांढऱ्या लिननवर किती पक्का बसतो ते सांगायला नको. डागावर साबण लावला की तो लालभडक होतो, कारण हळदीचा रंग क्षाराला लाल पडतो. डाग वाढलेला नसतो. साबण धुऊन काढा, तो पुन्हा पिवळा होईल. मग ओला असतानाच कडक उन्हात टाका. हळदीचा रंग उन्हात टिकत नाही. दोन-तीन दिवस असं केलं की जातो. युरोपात पूर्वी नवं लिनन आठवडेच्या आठवडे गवतावर उन्हात पसरून, पाणी मारून पांढरं करत, तेही याच उन्हाच्या जोरावर.

दोन मीटरांतून उरलेले तुकडे टाकू नका. लहान तुकडे काचेची भांडी पुसायला घ्या, लिननची कुसळं काचेला लागत नाहीत. एक वीतभर तुकडा मात्र बाजूला ठेवा, त्याच्या कडा दुमडून टीप मारा आणि सदरा जेव्हा जेव्हा धुवाल तेव्हा तोही बरोबर धुवा, बरोबर उन्हात टाका. चार-पाच वर्षांनी कोपर विरेल तेव्हा नव्या कोऱ्या कापडाचं ठिगळ डोळ्यांत खुपतं. हा तुकडा तोवर सदऱ्याइतकाच मऊ आणि तितकाच फिका झालेला असतो.